मलिक अंबरला रंग फासू नका

प्रश्न विचारणारी छत्रपती संभाजीनगरमधली आठ-दहा मुलं आहेत. हे शहर वसवणारा आफ्रिकी सरदार मलिक अंबर, त्याच्यावर चाळीस मिनिटांचा चित्रपट करायचा त्यांनी घाट घातलाय. मुख्य भूमिकेसाठी त्यांच्याकडं जालन्याचा एक नट आहे. उंचापुरा, दणदणीत आवाजाचा, घोड्यावर मांड पक्की. रंग गव्हाळ. तेव्हा त्याला गडद मेकअप करायचा, कुरळ्या केसांचा टोप चढवायचा आणि उभा करायचा, असं ठरत होतं. गटातल्या एका मुलीनं हरकत घेतली, की हॉलिवूडमध्ये आता असं चालत नाही, त्याला वंशभेद म्हणतात. बाकीच्यांचं म्हणणं, ती अमेरिकेची भानगड आहे, आपल्याकडं वंश कुठं आणि भेद कुठं. शेवटी मला विचारलं: ताई, मेकअप तुम्हीच करणार आहात, तर तुम्हीच सांगा, यात चूक काय?

ती मुलगी बरोबर आहे. मी हा मेकअप करणार नाही, आणि तुम्हीही तो दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ नका. का, ते सविस्तर सांगते.

मी अंबाजोगाईची. १९९७ मध्ये मुंबईला गेले तेव्हा तिथं सिनेमाच्या सेटवर बाईला मेकअप करता येत नव्हता. पुरुषांनी चेहरा करायचा आणि बायकांनी केस बांधायचे, असा संघटनेचा नियमच होता. म्हणून सतरा वर्षं मी हेअर ड्रेसर म्हणून राबले आणि रंगाचं काम शेजारी उभी राहून, बघून बघून शिकले. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम बेकायदा ठरवला, त्यानंतर माझ्या हातात उघडपणे स्पंज आला. पडद्यावर कोण दिसणार हे पडद्यामागं कुणाला उभं राहू दिलंय यावर ठरतं, हे मला कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही.

त्या हेअर ड्रेसरच्या काळातली एक गोष्ट. ऊसतोड मजुरांवरच्या एका टेलिफिल्मचं चित्रण बीड जिल्ह्यात चालू होतं. नायिका मुंबईची, गोरीपान. तिला तोडकरीण करायची म्हणून रोज सकाळी पाऊण तास रंग चढायचा. आधी चेहरा, मग गळा, कानाच्या पाळ्या, कानामागं, दंड, कोपराची घडी, बोटांच्या बेचक्या. पाय घोट्यापर्यंत. अकरा वाजले की ऊन तापायचं आणि कपाळावरून घामाची धार उतरली की तिच्या वाटेनं खालची गोरी कातडी उघडी पडायची. मग टच-अप. कोयत्याच्या मुठीला रंग लागायचा, पदराला लागायचा. आणि दर शॉटच्या आधी प्रकाशयोजना करताना नायिकेला उन्हात उभं करायचं नाही म्हणून तिच्या जागी एका तोडकऱ्याची पोरगी उभी केली जायची. सतरा-अठराची असेल, रंग नायिकेला फासायचो त्याच छटेचा. कॅमेरामन तिच्या चेहऱ्यावर लाइट बसवायचा, फोकस घ्यायचा, सगळं जुळलं की तिला बाजूला व्हायला सांगायचे आणि छत्रीखालून नायिका यायची. चौथ्या-पाचव्या दिवशी ती पोरगी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, मी तर काळीच हाय. मग तिला काळं कामून करायलेत?"

मला उत्तर देता आलं नाही. तिचे सगळे संवाद पाठ होते. दिवसभर उभी राहून ऐकलेले. तिला रोजचे किती मिळत होते आणि नायिकेला किती, ते मी सांगत बसत नाही.

तुमच्या प्रश्नातली चूक नेमकी इथं आहे. गडद कातडी हवी आहे, पण ती कातडी घेऊन जन्माला आलेला माणूस नको आहे. त्याचा रंग डबीतून मिळतो, म्हणून त्याला बोलवायची गरज उरत नाही. मेकअप बरा झाला की वाईट झाला हा मुद्दाच नाही. माझ्या हाताला तुम्ही नावाजता, पण मी कितीही चांगला हात चालवला तरी त्या रंगानं कुणाचं तरी काम हिसकावलेलंच असतं.

अमेरिकेत हे कसं घडलं ते थोडं बघा, कारण तिथं ते लेखी नियमांनी घडलं आणि म्हणून स्पष्ट दिसतं. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली ॲना मे वाँग ही चिनी वंशाची नटी मूकपटांच्या काळापासून नावाजलेली. १९३७ मध्ये चिनी शेतकऱ्याच्या आयुष्यावर एक मोठा चित्रपट आला. तिला शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका हवी होती. पण शेतकऱ्याच्या भूमिकेत गोरा नट ठरलेला होता आणि हेज संहिता या त्या वेळच्या हॉलिवूडच्या नियमावलीनं पडद्यावर दोन वंशांच्या स्त्री-पुरुषांचं प्रेम दाखवायला मनाई केलेली होती. नवरा खोटा चिनी, म्हणून बायको खरी चिनी चालेना. जर्मनीत जन्मलेल्या लुईज रायनरला चिनी दिसेल असा मेकअप करून ती भूमिका दिली, आणि तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. वाँगपुढं त्याच चित्रपटातली घर फोडणाऱ्या रखेलीची भूमिका ठेवली गेली. तिनं ती नाकारली. २०२२ मध्ये अमेरिकेनं तिचा चेहरा आपल्या नाण्यावर घेतला. तोवर तिला जाऊन साठ वर्षं होऊन गेली होती.

हॅटी मॅक्डॅनियलचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत. १९४० मध्ये ते मिळालं, मोलकरणीच्या भूमिकेसाठी. समारंभ होता त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, म्हणून तिला खास परवानगी काढून आत घेतलं आणि चित्रपटातल्या बाकीच्यांपासून वेगळं, भिंतीकडेच्या टेबलावर बसवलं. तिच्यानंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ऑस्कर मिळायला १९९१ साल उजाडलं. २०१५ मध्ये अभिनयाच्या सगळ्या नामांकनांत एकही कृष्णवर्णीय चेहरा नव्हता, तेव्हा एप्रिल रेन या बाईनं समाजमाध्यमावर एका ओळीत हे बोट ठेवून दाखवलं आणि ती ओळ जगभर गेली. पुढं २०२० मध्ये अकादमीनं सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेसाठी अटी जाहीर केल्या आणि २०२४ च्या सोहळ्यापासून त्या लागू झाल्या. चार निकषांपैकी दोन पूर्ण करायचे. त्यातला एकच पडद्यावरच्या चेहऱ्यांबद्दल आहे. बाकीचे तांत्रिक चमूत कोण आहे, उमेदवारीची संधी कुणाला दिली, चित्रपट लोकांपर्यंत नेणाऱ्या खात्यात कोण बसलंय, असे आहेत. माझ्या मते ह्या अटी अजून सैल आहेत, पण विचार योग्य दिशेचा आहे.

आता "आपल्याकडं कुठंय?" याचं उत्तर.

१९८३ मध्ये रझिया सुलतानवर हिंदी चित्रपट आला, त्यात याकूत हा हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाचा, सरदार होता. ती भूमिका धर्मेंद्रनं केली, चेहरा काळा करून. म्हणजे तुम्ही जे करायला निघालात ते आपल्याकडं चाळीस वर्षांपूर्वी, भरपूर पैसा ओतून करून झालंय. २०१९ मध्ये मराठी वाहिनीवर सावळ्या नायिकेच्या दुःखावरची मालिका सुरू झाली आणि काही वर्षं घराघरांत बघितली गेली. तिच्यातल्या नायिकेलाही रोज मेकअपनं सावळं करत होते. मालिकेचा विषयच असा, की सावळ्या मुलीला जग नाकारतं. त्या अभिनेत्रीनं काम मन लावून केलं, तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण परभणी-हिंगोलीच्या किती सावळ्या पोरी ती मालिका बघत असतील आणि आपल्यासाठी लिहिलेली भूमिकासुद्धा आपल्याला मिळत नाही हे त्यांच्या मनावर कसं कोरलं गेलं असेल, याचा मी खूप विचार केलाय.

आणि त्याच्याही मागं जायचं तर पी. के. रोझी. मल्याळममधल्या पहिल्या चित्रपटाची नायिका. ती दलित होती आणि पडद्यावर नायर या सवर्ण घराण्यातली बाई झाली होती. तिरुवनंतपुरममध्ये चित्रपट लागला तेव्हा सवर्ण प्रेक्षकांनी पडद्यावर दगड फेकले, तिचं घर जाळलं, आणि तिला गाव सोडून तमिळनाडूत पळून जावं लागलं. पुढं ती कधी पडद्यावर दिसली नाही. हे लक्षात ठेवा, कारण कुणी ना कुणी तुम्हाला म्हणणारच, की नटानं कुणाचीही भूमिका करावी, त्यालाच अभिनय म्हणतात. मलाही ते पटतं. फक्त गोऱ्या नटीनं तोडकरीण केली की आपण तिच्या अभिनयाला दाद देतो आणि रोझीनं नायर बाई केली की घर जाळतो, हे थांबलं की मग बोलू. परभणीची काळीसावळी पोरगी ज्या दिवशी पुण्यातल्या डॉक्टरीणबाईच्या भूमिकेसाठी बोलावली जाईल आणि त्यात तिच्या रंगाचा उल्लेखही नसेल, त्या दिवशी हा युक्तिवाद मी पहिली मान्य करीन.

वंशाचं म्हणाल, तर तुम्ही ज्या शहरात राहता ते शहरच एका आफ्रिकी माणसानं वसवलंय. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेलं पोर, गुलाम म्हणून विकलं गेलं, बगदादला गेलं, तिथून दख्खनमध्ये आलं आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. तो चंगेजखान स्वतः हबशी. त्या पोरानं पुढं निजामशाही खांद्यावर पेलली, १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली, जमिनीखालून नहर आणून तिला पाणी पाजलं, भडकल दरवाजा बांधला, आणि मोगलांना गनिमी काव्यानं सळो की पळो केलं. १६२४ ला भातवडीची लढाई, १६२६ ला मृत्यू, खुलताबादेत कबर. जहांगीर त्याच्या काळ्या रंगावरून आपल्या आत्मचरित्रात त्याला शिव्या देतो. १६१६ च्या सुमारास त्यानं अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतलं. भाल्यावर मलिक अंबरचं तोडलेलं मुंडकं आणि समोरून जहांगीर त्याच्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात तो अंबरला कधीही पकडू शकला नाही. चारशे वर्षांपूर्वीही कुणाला कसं दाखवायचं हे ज्याच्या हातात रंग आणि दरबार होता त्यानंच ठरवलं.

आणि आज? शाळेत काळ्या पोराला "हबशी" म्हणून चिडवतात, मराठवाड्यातसुद्धा, खडकी वसवणाऱ्याच्या गावातसुद्धा. इथल्या विद्यापीठात शिकायला आलेला एक सुदानी मुलगा माझ्या कार्यशाळेला यायचा. त्याला खोली मिळायला दोन महिने लागले. फोनवर हो म्हणायचे, दारात गेला की खोली आधीच गेलेली असायची. परभणी, नांदेड, संभाजीनगरमध्ये चाऊस आडनावाची घरं आहेत. त्यांचे पूर्वज येमेनच्या हद्रमौतमधून हैदराबादच्या निजामाच्या फौजेत आले. नांदेडला दखनी शीख आहेत, पिढ्यान्‌पिढ्या आपल्यासारखं मराठी बोलणारे. देगलूर-बिलोलीकडं घरात तेलुगू, उदगीर-उमरग्याकडं कन्नड. तांड्यावर बंजारा. यातलं कोण आपल्या मालिकांत दिसतं? मालिकेतला मराठवाडा म्हणजे दुष्काळ, कर्ज आणि एखादा विनोदी गडी. तेवढ्यातच आटोपतं.

भाषेचं तर विचारूच नका. मराठी मालिकेतलं गाव बहुतेक वेळा सातारा-कोल्हापूरकडचं बोलतं. आमच्या भागातला नट ऑडिशनला गेला आणि त्याच्या तोंडून "जायलो", "करू लालो" आलं, की त्याला सांगतात, असं नको, गावरान बोल. म्हणजे तो गावचा असून त्याची बोली गावरान नाही! लक्ष्मण देशपांड्यांनी एकट्यानं रंगमंचावर उभं राहून बावन्न माणसं मराठवाडी बोलीत जिवंत केली, महाराष्ट्रभर आणि परदेशात लोकांनी ती डोक्यावर घेतली, मकरंद अनासपुरे हीच बोली घेऊन चित्रपटात गेले आणि नायक झाले. तरीही आमचा सूर विनोदासाठी राखीव. रडणारी, प्रेम करणारी, न्यायनिवाडा करणारी माणसं हा सूर लावत नाहीत. मी हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय, कारण वगळलं जाणं म्हणजे काय हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. जालन्याच्या त्या नटालाही ठाऊक असणार. मग हातात कॅमेरा आल्यावर पहिला अन्याय आपल्याकडून का व्हावा?

आता प्रत्यक्ष कामाचं.

माणूस शोधा. भारतात सिद्दी समाज आहे, आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे वंशज. गुजरातेत गीरजवळ जांबूर हे गाव आहे, कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात वस्ती आहे, आणि हैदराबादेत ए. सी. गार्ड्‌स नावाचा मोहल्लाच आहे. आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्‌स, निजामाच्या हबशी घोडदळाच्या नावानं. मी तुमच्या जागी असते तर आधी काचीगुड्याची गाडी पकडली असती. एकतर हैदराबाद आपल्याला परकं नाही, १९५६ पर्यंत आपण एकाच राज्यात होतो. दुसरं म्हणजे तिथली माणसं दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू, बोलतात, आणि मलिक अंबरच्या तोंडी दखनी शोभेल. हल्याळकडचे सिद्दी कोकणीच्या जवळचं बोलतात, त्यातल्या पुष्कळांना मराठीही समजतं. अभिनेता मिळणार नाही ही भीती खोटी आहे. कर्नाटकातल्या हेग्गोडूच्या नीनासम या नाट्यसंस्थेत शिकलेला प्रशांत सिद्दी कन्नड चित्रपटांत कितीतरी वर्षं काम करतोय. नीनासमला पत्र लिहा, ती माणसं उत्तर देतात.

आपल्या विद्यापीठातल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना विचारायचा मोह होईल. जवळ आहे, सोपं आहे. पण विद्यार्थी व्हिसावर पगारी काम करता येत नाही, आणि फुकट राबवून घेणं तर मला अजिबात मान्य नाही. त्या पोराचा व्हिसा तुमच्या चाळीस मिनिटांपेक्षा मोलाचा आहे.

सिद्दी नट मिळाला की काही गोष्टी सांभाळा. तो भारतीय आहे, त्याला आफ्रिकेबद्दल विचारत बसू नका. जमलेल्या लोकांसमोर त्याला नाचून दाखवायला सांगू नका, हे सगळीकडं घडतं आणि त्यांना त्याचा वीट आलेला असतो. जालन्याच्या नटाला जे मानधन ठरलं होतं तेच त्याला द्या, प्रवास आणि राहणं वेगळं. श्रेयनामावलीत त्याचं नाव पहिलं. आणि चित्रणाच्या आधी त्याला संहिता वाचायला द्या, एखादं वाक्य त्याला खुपलं तर बदला. तुमच्या संहितेचा जो मसुदा मी वाचला त्यात पहिल्याच प्रसंगात अंबर साखळदंडात आहे आणि दुसऱ्यात चाबूक. गुलामगिरी खरीच होती, दाखवा. पण ज्या माणसानं पुढं राज्य चालवलं त्याच्याकडून पंधरा मिनिटं मार खाऊन घेतलात तर तुमच्या चित्रपटाचा अर्धा जीव त्यातच गेला. नहरीचं पाणी पहिल्यांदा खडकीत आलं तो प्रसंग तुम्ही दोन ओळींत उरकलाय. तो वाढवा.

अंबर मोडकंतोडकं बोलतो असं लिहिलंय, ते काढा. तरुणपणापासून दख्खनमध्ये वाढलेला, बगदादेत शिकलेला, मराठा सरदारांबरोबर उठबस असलेला माणूस आहे तो. शहाजीराजे त्याच्या फौजेत लढले. तो अडखळत बोलेल कशाला?

आता माझ्या खात्यातलं. तुमच्या कॅमेरामननं निरोप धाडला होता, की खरोखर गडद कातडी असली तर चेहरा काळवंडून जातो, रात्रीच्या दृश्यात नुसते डोळे नि दात दिसतात, म्हणून रंगवलेला माणूस बरा. त्याची चूक नाही, त्याला तसंच शिकवलंय. रंगीत फिल्म आली तेव्हा कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचं छायाचित्र द्यायची. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणायचे. तिची कातडी बरोबर दिसली की सगळं बरोबर, असा हिशेब. शाळेच्या फोटोत काळी पोरं काजळीसारखी यायची आणि लोकांना वाटायचं, दोष पोरांच्या रंगाचा आहे. कंपनीनं तपकिरी छटा सुधारायला घेतल्या त्या चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी तक्रारी केल्यावर. लाकडाच्या छटा दिसेनात, ही तक्रार ऐकली गेली. आता डिजिटल कॅमेरा आहे, गडद छटा टिपायची ताकद त्यात भरपूर आहे. सवय तेवढी जुनी राहिलीय.

तेव्हा कॅमेरामनला सांगा: गडद कातडी थेट झोतानं उजळायला जाऊ नको. त्या कातडीवर प्रकाश आरशासारखा परततो, त्याचा उपयोग कर. मोठा, मऊ उजेड बाजूनं आण. मोठं थर्माकोल किंवा पांढरी चादर त्याच्या गालाच्या बाजूला धर, म्हणजे तिची चमक गालाच्या हाडावर, कपाळावर, नाकाच्या दांड्यावर उतरते आणि चेहऱ्याला आकार येतो. मागं काळी भिंत नको, दगडाची फिकी कमान चालेल, भडकल दरवाज्याचा सकाळचा उजेड तर उत्तमच. गोरा नट आणि गडद नट एका चौकटीत असतील तर उजेड गडद नटाच्या चेहऱ्यावर जुळव आणि गोऱ्यावर कटर, म्हणजे उजेड अडवणारा पडदा, लावून कमी कर. सगळे उलटं करतात.

मेकअप म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. पावडर तर नाहीच. आपल्याकडं मेकअपवाले सवयीनं सगळ्यांच्या चेहऱ्यावर पफ फिरवतात, गडद कातडीवर ती पावडर राखेसारखी दिसते. कातडी ओलसर ठेवायची, मॉइश्चरायझर किंवा हलकं खोबरेल तेल, फक्त उजेड पडेल त्या उंचवट्यांवर. केस त्याचे स्वतःचे ठेवा, टोप नको. कुरळे केस कोरडे असताना फणी घालायची नाही, ओले करून, तेल लावून, बोटांनी खालून वर मोकळे करायचे. मुंबईच्या सेटवर असल्या केसांत फणी खुपसून पोरींच्या डोळ्यांत पाणी आणलेलं मी पाहिलंय.

तळहात बघा. खऱ्या गडद कातडीच्या माणसाचा तळहात फिका असतो आणि रेषा गडद असतात. रंगवलेल्या नटाचे हात कसेही केले तरी तिथं फसतात, कारण तळव्यावर रंग टिकत नाही आणि टिकवला तर खोटा दिसतो. अंबर हात उचलून दुवा मागतो असा तुमचा शेवटचा प्रसंग आहे.

त्या काळच्या चित्रांत अंबर पांढऱ्या जाम्यात दिसतो, म्हणून तुम्ही पांढराशुभ्र जामा शिवायला टाकलाय. तो चहाच्या पाण्यात बुडवून काढा. पातेलंभर पाण्याला मूठभर चहापूड, उकळून गाळायचं, चिमूटभर मीठ, जामा पंधरा मिनिटं. कापड साईच्या रंगावर आलं की कॅमेरा जाम्याच्या मागं न धावता चेहऱ्याकडं बघतो.

जालन्याच्या नटाचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला त्याची काळजी आहे. महिनाभर त्यानं तालीम केलीय, मराठवाड्याच्या पोराला प्रमुख भूमिका रोज मिळत नाही. संहितेत लखुजी जाधवराव दोनदा येऊन जातात. सिंदखेडराजा जालन्याच्या शेजारीच. आधी निजामशाहीत असलेला आणि नंतर मोगलांना मिळालेला हा माणूस अंबरसमोर उभा करा, त्याच्या तोंडी त्याची जालन्याची बोली द्या, आणि दोघांचा एक सलग दहा मिनिटांचा प्रसंग लिहा. खलनायक करू नका त्याला. ज्याला दोन्ही बाजूंनी तोटा दिसतोय असा सरदार करा. घोडाही त्यालाच द्या. कातडीच्या बाबतीत निवड कशी असते हे बघायचं तर २०१३ चा फँड्री आठवा. सोमनाथ अवघडे हा खेड्यातला, कधी अभिनय न केलेला काळासावळा पोरगा निवडला, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. निवडणाऱ्याची नजर तेवढी स्वच्छ हवी.

आणि सगळीकडं शोधून, खरंच शोधून, कुणी मिळालं नाही तर? तर जालन्याच्या नटालाच घ्या, पण त्याच्या स्वतःच्या रंगात. टोप नाही, स्पंज नाही. सुरुवातीलाच त्यानं कॅमेऱ्याकडं बघून सांगावं, की मी जालन्याचा, हबशी नाही, आणि ही गोष्ट मलिक अंबरची आहे. आपल्या गोंधळात, भारुडात कुणीही खांद्यावर उपरणं टाकून राजा होतो आणि लोक मानतात. ते प्रेक्षकांना आधीच सांगून केलेलं सोंग असतं, त्यात कुणाची फसवणूक नसते. पण हा मार्ग हैदराबादला जाऊन आल्यावरचा. मी गाड्यांचं वेळापत्रक बघून ठेवलंय. तुमच्यातली ती हरकत घेणारी मुलगी येणार असेल तर मी तिच्याबरोबर जाते, तिला दखनी येत नसेल, मला थोडी येते. टेस्ट शूट परत आल्यावर ठेवा, भडकल दरवाज्याला, सकाळी सात वाजता. थर्माकोल तुम्ही आणा, तेल मी आणते.